रंगासाठी कर्ज

सोनाळ्याहून आम्ही बचतगटाच्या बाया बोलतोय. आज शेळ्या नाहीत, पापड नाहीत, आज चित्रांवर बोलायचं आहे. हसू नका, आधी ऐकून घ्या.

झालं असं, की महिन्याच्या बैठकीत आमच्यातल्या एका ताईनं दीड हजाराचं कर्ज मागितलं. कशाला म्हटलं, तर पोरीला रंग, ब्रश, कागद घ्यायचे. ती चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतेय. बैठक गप्प झाली. बियाण्याला दिले, दवाखान्याला दिले, शेळीला दिले, पण रंगाला? "चित्रानं पोट भरते का वं?" एकीनं विचारलंच. खरं सांगायचं तर आमच्या सगळ्यांच्याच मनात तेच होतं. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला.

मधल्या दिवसांत आम्ही शोधाशोध केली, की आपल्याकडची कोणी बाई चित्रकार झाली आहे का? तर सापडल्या बी. प्रभा. आपल्याच विदर्भातल्या, नागपूरजवळच्या बेला गावच्या. जन्म 1933चा. आमच्यातल्या कॉलेज शिकलेल्यांनीही हे नाव ऐकलेलं नव्हतं!

आधी नागपूरला चित्रकला शिकल्या, मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्या काळात खेड्यातली मुलगी मुंबईला चित्रं शिकायला जाते म्हणजे केवढी गोष्ट! शिकत असतानाच त्यांची तीन चित्रं डॉ. होमी भाभांनी विकत घेतली. भाभा म्हणजे अणुशक्तीवाले मोठे शास्त्रज्ञ. 1956 साली चित्रकार-शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न झालं आणि दोघंही कामाला लागले. त्याच सुमारास एअर इंडियानं प्रभाताईंची सहा चित्रं घेतली, एका चित्राचे साडेसत्याऐंशी रुपये. हे सांगितल्यावर आमच्या बायांनी लगेच हिशेब केला, सहाचे सव्वापाचशे. आता त्यांच्या एकेका चित्राला लिलावात लाखो रुपये मिळतात.

ही वाट त्यांना दाखवली कोणी? अमृता शेरगिल यांनी. अमृताची आई हंगेरीची, वडील पंजाबचे, शिक्षण पॅरिसमध्ये. पण भारतात परतल्यावर ती आपल्या खेड्यातल्या माणसांची चित्रं काढू लागली, आणि 1941 साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. तेव्हा प्रभा लहान पोर होती. दोघींची भेट झाली नाही, पण चित्रं पोचली.

प्रभाताईंनी काढल्या त्या आपल्यासारख्याच बाया. कोळिणी, टोपली घेऊन बसलेल्या, वाट बघणाऱ्या. लांब मान, लांब हात, आणि बहुतेक चित्रांत एकच रंग भरून राहिलेला. दुष्काळ, भूक, बेघर माणसं हेही त्यांनी रंगवलं. त्यांच्या बाया सहसा हसत नाहीत.

पुढच्या बैठकीत मोबाईलवर ही चित्रं सगळ्यांना दाखवली. एक म्हणाली, "एवढी उदास कायले काढली?" त्यावर आमच्यातली सगळ्यात म्हातारी माय, जी एरवी फक्त अंगठ्यापुरती बोलते, तिनं मोबाईल डोळ्याजवळ नेला. म्हणाली, "उदास नाही वं, थकेल हाये. वावरातून आल्यावर मी अशीच बसतो."

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. आम्हाला वाटलं, आपले फोटो निघतात ते लग्नात किंवा योजनेच्या फॉर्मसाठी. निंदणाहून आल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या आपल्याला कोण बघतं? बेल्याच्या या बाईनं बघितलं होतं.

2001 साली सप्टेंबरमध्ये प्रभाताई नागपुरात वारल्या. पन्नासच्या वर प्रदर्शनं त्यांच्या नावावर आहेत.

आता कर्जाचं. ज्या बाईनं पोटाचं विचारलं होतं, ती अजूनही पूर्ण पटलेली नाही, आणि तिचंही चूक नाही. सगळ्याच चित्रकारांना लिलाव मिळत नाही. पण त्या परीक्षेचे गुण दहावीला धरतात हे कळल्यावर तिनंही हात वर केला. दीड हजार मंजूर झाले, महिन्याला दीडशेचा हप्ता. वहीत 'कारण' या रकान्यात सचिव 'शिक्षण' लिहायला निघाली होती. पोरीच्या आईनं थांबवलं. म्हणाली, "रंग लिवा."

तसंच लिहिलं आहे.