गाडी परत घ्या, पैसे परत द्या
(वसंत व्याख्यानमालेत अलिबाग येथे दिलेल्या व्याख्यानातून)

अलिबाग-पेण रस्त्यावर ज्यांचा धंदा आहे त्यांना टवेरा कशी गाडी ते सांगायला नको. पुढे दोन, मधे चार, मागे चार आणि टपावर बोजा, अशी ती कार्लेखिंड चढायची. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ ते २०१३ या काळातल्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, त्या धुरातल्या प्रदूषणामुळे. तपासणीला इंजिनं निवडून पाठवली जात होती, हे चौकशीत निघालं. २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्रीच थांबवली. कर्ज काढून गाडी घेतलेल्याच्या हाती उरलं ते उतरलेल्या भावाचं वाहन.

टवेराच्या त्या रिकॉलनंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, फोक्सवॅगनचं प्रकरण अमेरिकेत फुटलं. गाडी तपासणीच्या रोलरवर आहे हे तिचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता नायट्रोजन ऑक्साइड आटोक्यात ठेवायचं. रस्त्यावर आली की सोडून द्यायचं. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने कंपनीच्या इथल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरलं.

आपण म्हणतो, माझी पीयूसी आहे. पंपाशेजारच्या त्या केंद्रात काय होतं ते नीट पाहा. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात, अॅक्सिलरेटर दाबतात आणि धुराची घनता मोजतात, म्हणजे काजळी. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजलाच जात नाही. तेव्हा प्रामाणिक मालकालाही आपली गाडी काय सोडते ते कळायचा मार्ग नव्हता. दोष त्याचा नाही, हे मला ठासून सांगायचं आहे.

मग भरपाई कोणाला मिळाली? अमेरिकेत दोन लिटर इंजिनाच्या सुमारे पावणेपाच लाख गाड्यांच्या मालकांपुढे कंपनीला गाडी परत घेण्याचा पर्याय ठेवावा लागला. भाव धरला तो प्रकरण फुटण्याआधीचा, आणि वर किमान ५,१०० डॉलर. भारतात ३ लाख २३ हजार ७०० गाड्यांसाठी वर्कशॉपमधली दुरुस्ती. ती झाल्यावर अॅव्हरेज पडेल का, चढणीला ओढ कमी होईल का, या धास्तीने अनेक मालक तिकडे फिरकायला कचरले. मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, पण तोही पर्यावरणाच्या हानीपोटी. पुढे सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करू नये, असा आदेश दिला.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम आलं. पर्यावरणाला अपाय करणारी सदोष गाडी सरकार परत बोलावू शकतं. मग कंपनीने पूर्ण किंमत द्यावी, बदली गाडी द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी. तरतूद चांगली आहे. पण नियमांनी ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती ठेवली. आपल्या किनाऱ्यावर मुंबईहून सेकंडहँड आलेली गाडी बहुधा त्या रेषेपलीकडची असते. ही मुदत वाढली पाहिजे, आणि तिन्हींपैकी काय घ्यायचं ते मालकानेच ठरवलं पाहिजे.

तोवर एवढं करा. जुनी गाडी घेताना आरसी बुक नावावर करून घ्या, चासी नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा आणि रिकॉलचं काम बाकी आहे का ते विचारून उत्तर लेखी घ्या.