मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ



मुंबईहून लंडन किती दूर, असें कोणी विचारलें, तर उत्तर बहुधा तासांत मिळतें : नऊ-दहा तास. किलोमीटरांत सांगणारा विरळा. परंतु ज्याचीं मुलेंबाळें तिकडे आहेत आणि ज्याला एखाद्या प्रसंगीं तातडीनें निघावें लागतें, त्यानें हीं दोन्ही मापें निरनिराळीं ओळखलेलीं बरीं.

प्रथम अंतर. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरला, तर तो सुमारें ७,२०० किलोमीटर भरतो. पाकिस्तान, इराण व कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग यांवरून तो जातो. त्याचा मध्य कॉकेशसच्या डोंगराळ मुलखांत येतो आणि पुढें युक्रेनवरून तो लंडन गांठतो. हें अंतर युगानुयुगें तेंच आहे.

वेळ मात्र सारखी बदलत आली. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला होण्यापूर्वीं गलबतांना आफ्रिकेला वळसा घालावा लागे. ८ जून १९४८ रोजीं एअर-इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनिव्हा येथें थांबत लंडनला पोंचलें. १९६० सालीं त्याच कंपनीकडे बोइंग ७०७ हीं जेट विमानें आलीं, आणि प्रवास आणखी आंखडला.

तरीही जातांना व येतांना वेळ सारखा लागत नाहीं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. समजा, विमानाचा स्वतःचा वेग ताशीं ९०० किलोमीटर आहे आणि वारा ताशीं १०० किलोमीटरांचा. वाऱ्याविरुद्ध जातांना नऊ तास लागतील. वाऱ्याबरोबर येतांना सात तास बारा मिनिटें पुरतील. हें सरळ वाटेचें गणित झालें.

पण सरळ वाट नेहमीं मोकळी नसते. फेब्रुवारी २०२२ मध्यें युद्धामुळें युक्रेनचें आकाश नागरी विमानांना बंद झालें. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केलें. वर सांगितलेला दोरा या दोन्ही देशांवरून जातो. दोन राज्यांचें बिनसलें कीं वळसा पडतो. वळशाबरोबर इंधन वाढतें आणि प्रवाशाचे तास वाढतात.

शेवटीं घड्याळ. हिंवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेपांच तास मागें असतें, उन्हाळ्यांत साडेचार. हिंवाळ्यांत सकाळीं सातला निघून दहा तास उडालेला प्रवासी तेथें साडेअकराला उतरतो. जणूं साडेचारच तास गेले. उलट लंडनहून सकाळीं दहाला निघून नऊ तासांत येणारा मुंबईस मध्यरात्रीं साडेबाराला, म्हणजे दुसऱ्या तारखेस, पोंचतो. तिकिटावरील दोन वेळांची नुसती वजाबाकी करणारा दोन्ही वेळां फसतो.

म्हणून आजारी माणसाकडे धांवणाऱ्यानें "मी केव्हां पोंचेन" हें सांगण्यापूर्वीं घड्याळांतील फरक लक्षांत घ्यावा, त्या दिवसाचा मार्ग विचारून घ्यावा, आणि घरापासून विमानतळापर्यंतची व तेथील तपासणीची वेळ धरावी. वाट पाहणाऱ्याला किलोमीटर नको असतात. त्याला खरी वेळ हवी असते.