घरात भारी, स्टेजवर गायब: बँडबरोबर गिटारचा मॉडेलर वाजवताना

लोकलमध्ये लटकत ऐकताय, भांडी घासता घासता ऐकताय, की रात्री अंथरुणात पडून? जिथे असाल तिथे स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी हे एपिसोडचं लिखित रूप. बोललेलंच आहे सगळं, थोडं नीटनेटकं केलंय इतकंच.

आजचा विषय बरेच दिवस डोक्यात होता. गिटार वाजवणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात. ‘दादा, अँप विकून डिजिटल मॉडेलर घेऊ का? बँडबरोबर लाइव्ह चालेल ना?’

उत्तर आधीच सांगून टाकतो. चालतो, अगदी मस्त चालतो. पण घरात बसून बनवलेला आवाज जसाच्या तसा स्टेजवर नेलात तर तोंडावर पडाल. मी पडलोय. तेही बाबांसमोर.

झालं असं. माझ्याकडे एक ट्यूब अँप होता, वीसेक किलोचा. डोंबिवलीहून दादरला जॅमला जायचं तर तो घेऊन लगेजच्या डब्यात चढायचं. मासळीच्या टोपल्या, फुलांची पोती आणि मधे मी अँपला मिठी मारून उभा. दोन वर्षं केलं. मग पाठ धरली, आणि मी अँप विकला. त्यात साठवलेले पैसे घातले आणि मॉडेलर घेतला. पाठीवरच्या सॅकमध्ये मावणारा! पहिल्या दिवशी लोकलमध्ये चक्क बसायला जागा मिळाली तेव्हा मला वाटलं, आपण जिंकलो.

ज्यांना मॉडेलर म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज नुसत्या तारांचा नसतो. गिटारमधून निघालेला सिग्नल अँपमध्ये जातो, तिथे तो वाढतो, फाटतो, मग स्पीकरच्या खोक्यातून बाहेर पडतो आणि त्या खोक्यासमोर माइक लावलेला असतो. या प्रत्येक टप्प्यावर आवाज बदलतो. मॉडेलर म्हणजे या सगळ्या साखळीची गणिताने केलेली नक्कल. आत एक छोटा कॉम्प्युटरच असतो म्हणा ना. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा पॉड आला, लाल रंगाचा, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा. तिथून हे प्रकरण घराघरांत पोचलं. मग २००६ मध्ये अ‍ॅक्स-एफएक्स, २०११ मध्ये केम्पर, २०१५ मध्ये हेलिक्स, २०२१ मध्ये क्वाड कॉर्टेक्स. आज मोठमोठे बँड स्टेजवर अँप न ठेवता वाजवतात. म्हणजे यंत्र कमअस्सल आहे असं नाही. हे आधीच सांगतोय, कारण माझी जी फजिती झाली त्यात यंत्राचा काही दोष नव्हता.

तर मॉडेलर घेतल्यावर तीन आठवडे मी रात्री हेडफोन लावून प्रीसेट बनवत बसलो. काय आवाज होता महाराजा! खाली भरदार, वर काचेसारखा लखलखीत, मागे रिव्हर्बची मोठी गुहा. एकटा वाजवत बसलो की अंगावर काटा यायचा.

मग एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली. मोकळं मैदान, मोठे स्पीकर. आणि त्या दिवशी बाबा आले. ते कधीच येत नाहीत. अँप विकून हे काय आणलंय ते तरी बघतो, असं म्हणाले. आमचं स्वतःचं एक गाणं आहे, त्यात माझा मोठा सोलो आहे. तो मी डोळे मिटून वाजवला. खाली उतरलो, बाबांकडे गेलो. ते म्हणाले, ‘छान झालं रे. पोरगी छान गाते. तू मात्र नक्की कधी वाजवत होतास ते कळलं नाही.’

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी तणतणत साउंडवाल्या दादांकडे गेलो. म्हटलं, माझी गिटार वाढवली का नाही? ते शांतपणे केबल गुंडाळत होते. म्हणाले, ‘भाऊ, वाढवली. वाढवली की नुसता घूं आवाज येतो. तुझ्या गिटारमध्ये मधलं काहीच नाहीये. खालचं बेस खातोय, वरचं सिंबल खातायत. मी वाढवू काय?’

आजचा अख्खा एपिसोड या वाक्यावर आहे. मधलं काहीच नाहीये.

असं का होतं? पहिलं कारण आपले कान. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की आवाज लहान असताना आपल्या कानांना खूप खालचे आणि खूप वरचे सूर कमी ऐकू येतात. आवाज मोठा केला की ते आपोआप भरून येतात. आता बघा, मी रात्री घरात, आई उठेल म्हणून हळू आवाजात प्रीसेट बनवत होतो. खालचं कमी ऐकू येतंय म्हणून बेस वाढवला. वरचं कमी वाटतंय म्हणून ट्रेबल वाढवला. तोच प्रीसेट मैदानावर शंभर डेसिबलच्या आसपास गेल्यावर बेस आणि ट्रेबल फुगले, आणि मधला भाग दबला.

दुसरं कारण, बँडमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते, गिटारची ८२ वर. त्याच पट्ट्यात ड्रमरचा किक. म्हणजे शंभर हर्ट्झच्या खाली आधीच दोन माणसं दाटीवाटीने बसलेली आहेत. वर सिंबल झणझणतायत. गिटारची स्वतःची जागा मधे आहे, साधारण पाचशे ते दोन-अडीच हजार हर्ट्झ. आणि घरात ‘भारी’ आवाज करायचा म्हणून आपण नेमकं तेच कापतो.

तिसरं कारण मला सगळ्यात उशिरा कळलं. खऱ्या अँपचा स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही बाहेरच टाकत नाही. कार्यक्रमाचे मोठे स्पीकर मात्र वीस हजारांपर्यंत सगळं वाजवतात. मग गिटार माशी घोंगावल्यासारखी होते.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही जॅम रूम दोन तास जास्त घेतली. गाणं बसवायचं नाही, फक्त माझा आवाज. बाकीच्यांनी माझ्यासाठी तेच एक गाणं अकरा वेळा वाजवलं. त्यांना मी त्या दिवशी वडापाव खिलवले, पण ते उपकार वडापावने फिटणारे नाहीत.

काय केलं ते क्रमाने सांगतो, हवं तर थांबवून लिहून घ्या. जुना प्रीसेट बाजूला ठेवला. कोऱ्या पानावर फक्त अँप आणि कॅबिनेट, एवढंच घेतलं. लो कट शंभर हर्ट्झवर लावला, हाय कट साडेसहा हजारांवर. गेन एक तृतीयांश कमी केला, कारण आवाज जितका फाटतो तितका तो सपाट होतो आणि बोटांचा ठोका हरवतो. मिड्स वाढवले. रिव्हर्ब निम्म्याहून कमी, कारण हॉल स्वतःचा रिव्हर्ब देतोच. आणि हे सगळं ड्रमर पूर्ण जोरात वाजवत असताना. थांबून, एकट्याने ऐकून नाही.

(ऑडिओमध्ये इथे दोन तुकडे आहेत. आधी गिटार एकटी, मग तीच बँडबरोबर.)

ऐकलंत? एकटी ऐकली तर कशी नाकातून बोलल्यासारखी वाटते! मला तर लाज वाटली होती. बँडबरोबर मात्र प्रत्येक सूर कळतो. एकट्याने ऐकताना थोडा कमी सुंदर वाटणारा आवाज बँडमध्ये चालतो, हे मान्य करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अहंकाराचा भाग असतो तो.

एक फुकटचा उपाय. तुमचा फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि रेकॉर्ड करा. फोनचा माइक काही स्टुडिओचा नसतो, पण गिटार ऐकू येते की नाही एवढं तो खरं सांगतो.

मग आवाजाची पातळी. क्लीन, क्रंच आणि सोलो, तिन्ही प्रीसेट एकामागून एक वाजवून कानाने जुळवा. नुसत्या मीटरवर जाऊ नका, फाटलेला आवाज आणि स्वच्छ आवाज मीटरवर सारखे दिसले तरी कानाला वेगळे लागतात. सोलोला तीन-चार डेसिबल जास्त ठेवा. कमी ठेवलंत तर आमच्या बाबांसारखं कुणीतरी भेटेल.

आता स्टेजवरच्या गोष्टी. अँप मागे असला की आवाज पाठीला लागतो, पँट हलते. मॉडेलरची केबल थेट मिक्सरला जाते, तुमच्या मागे काहीच नसतं. म्हणजे मॉनिटरमध्ये गिटार नसेल तर तुम्हाला स्वतःचंच ऐकू येणार नाही. तेव्हा साउंडचेकला लाजू नका, वेजमध्ये गिटार मागून घ्या. बऱ्याच मॉडेलरमध्ये अशी सोय असते की मोठं व्हॉल्यूमचं बटण फक्त तुमच्या मॉनिटरच्या आउटपुटला लागू होतं आणि मिक्सरकडे जाणारी पातळी तशीच राहते. ती सेटिंग आजच शोधून ठेवा. नाहीतर तुम्ही स्वतःसाठी आवाज वाढवणार आणि तिकडे साउंडवाल्याच्या कानठळ्या बसणार.

मिक्सरला जाताना एक्सएलआर केबल वापरा आणि बहुतेक ठिकाणी मोनोच द्या. स्टिरिओ डिलेची मजा पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या चार जणांनाच येते. त्या चॅनेलवरचा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर बंद करायला सांगा. घूंऽऽ असा आवाज आला तर मॉडेलरवर किंवा डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबून बघा. पण तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घालवायचा प्रयत्न कृपा करून करू नका. आपल्याकडे सर्रास करतात. हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी बसलेला शॉक जिवावर बेतू शकतो. गाणं थोडं घूं करत झालं तरी चालेल.

खऱ्या अँपमध्ये मॉडेलर लावणार असाल तर मॉडेलरमधलं कॅबिनेट बंद करा, नाहीतर खोक्यात खोकं होऊन गोधडीखालून वाजवल्यासारखं वाटतं.

‘डिजिटल आहे, उशीर होतो का?’ असंही विचारतात. बहुतेक मॉडेलरचा उशीर दोन ते पाच मिलिसेकंदांचा असतो. आवाजाला हवेतून एक मीटर यायला तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे दोन मीटर मागे ठेवलेल्या अँपचा आवाज तुम्हाला सहा मिलिसेकंद उशिराच येत होता, आणि तुम्ही कधी तक्रार केली नव्हती.

शेवटचं म्हणजे वीज. जनरेटरवर कार्यक्रम असेल आणि एक झटका बसला तर हा कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि ते अर्धं मिनिट स्टेजवर अर्ध्या तासासारखं वाटतं. छोटा यूपीएस असेल तर न्या. आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फर्मवेअर अपडेट करू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री नवीन पुस्तक उघडू नये, तसंच.

मग अँप विकू का? तुम्ही जिथे वाजवता तिथे बरे स्पीकर, मिक्सर आणि तुमच्यासमोर मॉनिटर असतो का, ते आधी बघा. असेल तर मॉडेलर घ्या, पाठ वाचेल. पण तुमचा बँड मित्राच्या गॅरेजमध्ये स्पीकरशिवाय जॅम करत असेल तर छोटा अँपच बरा. मॉडेलरला आवाज बाहेर काढायला दुसऱ्या कुणाचा तरी स्पीकर लागतोच. आणि साउंडवाल्याशी ओळख लागते. आधी मी स्टेजवर चढलो की थेट ट्यूनिंग करायचो. आता आधी मिक्सरकडे जातो, चहा विचारतो आणि म्हणतो, ‘दादा, मधलं नीट येतंय का सांगा.’

त्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणपतीत आम्ही वाजवलं. तोच मॉडेलर, तेच गाणं, नवा आवाज. बाबा तिसऱ्या रांगेत होते, शेजारच्या काकांबरोबर. घरी आल्यावर मी काहीच विचारलं नाही. जेवताना तेच म्हणाले, ‘आज जरा जास्तच ऐकू येत होतं.’

मी वरणभात आणखी वाढून घेतला.

चला, आज इतकंच. तुमच्या बँडमध्ये कुणी रात्री हेडफोन लावून प्रीसेट बनवत असेल तर हा एपिसोड त्याला पाठवा. आणि जमलंच तर या रविवारी त्याच्यासाठी एकच गाणं अकरा वेळा वाजवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. वाजवत राहा!