टिपणांची वही आणि टिपणांचे अ‍ॅप

टिपण ठेवणे हे शिक्षकाच्या नित्यकर्मांपैकी एक होय. बेरजेत मुलांचा हातचा कोठे चुकतो, कोणता पाठ कोणत्या उदाहरणाने उमगला, हे त्याच दिवशी नोंदले नाही तर पुढील वर्षी तोच शोध नव्याने करावा लागतो. पूर्वी या कामी वही असे. आता मोबाइल आला आणि त्यातील अनेक अ‍ॅप्समधून एकाची निवड करण्याचा प्रश्न उभा राहिला.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–१९९८) यांनी सुमारे ९०,००० टिपणे कागदी चिठ्ठ्यांवर लिहिली. प्रत्येक चिठ्ठीस क्रमांक असे आणि संबंधित चिठ्ठ्यांचे क्रमांकही तीवर नोंदलेले असत. साधन अगदी साधे. सामर्थ्य होते ते टिपणे एकमेकांस जोडून पुन्हा वाचण्यात. म्हणून पहिली कसोटी ही, की टिपण चटकन लिहिता यावे आणि हवे तेव्हा सापडावे. या दृष्टीने गूगल कीप सोपे आहे. नोशनमध्ये तक्ते चांगले होतात, परंतु मांडणीतच वेळ जाण्याचा संभव असतो.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची. टिपणे अ‍ॅपमधून बाहेर काढता येतात काय? गूगल नोटबुक ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्ये बंद झाली. एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस विनामूल्य खात्यास ५० टिपणांची मर्यादा घातली. दुसऱ्याच्या कोठारात धान्य ठेवणाऱ्याने किल्लीची चौकशी आधी करावी, हे उचित. ऑब्सिडियन टिपणे साध्या मजकुराच्या फाइलींत आपल्याच यंत्रावर ठेवते. त्या अन्य अ‍ॅपमध्येही उघडतात. मात्र मोबाइल हरवल्यास त्याही जातात. म्हणून त्यांची प्रत अन्यत्र ठेवणे अवश्य आहे.

निवडीपूर्वी शिक्षकाने आठवडाभर दहा टिपणे लिहून पाहावीत, ती बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर उघडावीत आणि मराठी अक्षरे शाबूत आहेत ना, हे तपासावे. त्यांत मुलांची नावे मात्र घालू नयेत. ज्या अ‍ॅपमध्ये हे सारे निर्वेधपणे होईल, ते पत्करावे. कोणत्याही अ‍ॅपमध्ये न झाल्यास वहीच बरी. पुढील वर्षी तोच पाठ आला असता जुने टिपण हाती लागले, की मुलांचे एक चुकलेले पाऊल वाचेल; आणि या खटाटोपाचे प्रयोजन तेच आहे.