घरातला टेलिफोन आणि त्याची वीज



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतव्याख्यानांची प्रथा सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून धर्म, समाज, राजकारण, वाङ्मय यांवर थोरामोठ्यांनी भाषणे केली. आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला येथे बोलावले म्हणजे तो संपावर किंवा बोनसवर बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आज आम्ही विषय निवडला आहे तो तुमच्या माजघरातला. भिंतीजवळच्या तिपाईवर ठेवलेल्या टेलिफोनची तांब्याची तार निघते आहे आणि तिच्या जागी इंटरनेटवरून बोलण्याची सोय येते आहे. जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांतून हा बदल होऊन गेला, कितीकांच्या दाराशी तो उभा आहे. 'तार काढू का ठेवू?' असे आम्हांला वरचेवर विचारले जाते. त्याचे उत्तर साधे आहे. पण त्याच्या पोटात एक दुसरा प्रश्न दडला आहे, आणि तो मात्र साधा नाही.

आधी थोडा इतिहास. टेलिफोनचे पेटंट ग्रॅहॅम बेलने १८७६ साली घेतले, आणि सहाच वर्षांनी, १८८२ च्या जानेवारीत, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन-केंद्रे उघडली. परंतु आपल्या खानदेशातल्या सामान्य घरात हे यंत्र यायला पुढची शंभर वर्षे लागली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. टेलिफोन असायचा तो डॉक्टरकडे, वकिलाकडे, सराफ्यात, केळीच्या नि कापसाच्या व्यापाऱ्याकडे. बाकीच्यांनी अर्ज करावा आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. परगावी बोलायचे तर ट्रंककॉल लावून बसायचे. सरळ नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात प्रथम १९६० साली झाली, तीही कानपूर आणि लखनौ या दोन शहरांपुरती. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. तिने उष्णता आणि धूळ सोसणारी छोटी केंद्रे बनविली, आणि मग तालुक्या-खेड्यांतून घंटा वाजू लागल्या. १९८५ साली डाक आणि तार या दोन खात्यांची ताटातूट झाली, आणि २००० च्या ऑक्टोबरपासून तारेचा कारभार भारत संचार निगमकडे गेला.

पुढे उलट वारे वाहू लागले. २००६ च्या सुमारास देशात तारेचे टेलिफोन पाच कोटींच्या घरात होते. २०२० पर्यंत ते दोन कोटींवर आले. मोबाइलने त्यांना गिळले. परंतु गंमत अशी की, त्यानंतर आकडा पुन्हा चढला आणि २०२५ च्या मार्चअखेर साडेतीन कोटींच्या पुढे गेला. ही नवी भर तांब्याची नव्हे, काचेच्या तंतूची आहे. म्हणजे घरचा टेलिफोन मेला असे जे म्हणतात ते खरे नाही. त्याने कूस बदलली आहे.

आता या दोन टेलिफोनांत फरक काय, तो नीट समजून घेऊ. जुन्या टेलिफोनला तांब्याच्या दोन तारा येतात. टेलिफोन-केंद्रात बॅटऱ्यांची रांग असते, आणि तीतून अठ्ठेचाळीस व्होल्टचा प्रवाह त्या दोन तारांवरून थेट तुमच्या यंत्रापर्यंत खेळत असतो. तुम्ही बोलता तशी त्या प्रवाहात चढउतार होते आणि पलीकडे तिचा पुन्हा आवाज होतो. गावची वीज गेली तरी केंद्रातल्या बॅटऱ्या काम करीत राहतात, त्या उतरू लागल्या की डिझेलचे इंजिन सुरू होते. म्हणून सारे गाव काळोखात बुडाले तरी जुना टेलिफोन वाजत असे. त्याला घरच्या विजेचा एक कणही लागत नसे. पन्नास वर्षे वापरूनही ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आलेली नाही, कारण जी सोय कधी चुकत नाही तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

नव्या टेलिफोनची तऱ्हा निराळी. तुमच्या आवाजाचे सेकंदाला आठ हजार वेळा माप घेतले जाते, त्या मापांचे आकडे बनतात, आकड्यांच्या बारीक बारीक पुड्या बांधल्या जातात, आणि त्या पुड्या काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने धावत जातात. दुसऱ्या टोकाला त्या क्रमाने सोडून पुन्हा आवाज तयार होतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. विद्या मोठी आहे. तिला आम्ही नमस्कार करतो. परंतु काच वीज वाहून नेत नाही. केंद्रातली बॅटरी काचेतून तुमच्या घरी येऊ शकत नाही. म्हणून तुमच्या घरी एक पेटी बसवावी लागते, आणि ती चालते तुमच्या घरच्या विजेवर.

नव्याचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. तांब्याच्या जोडांत पावसाचे पाणी शिरले की जी खरखर सुरू होई ती काचेला ठाऊक नाही. तांबे चोरीला जाते; काच चोरून कोणी काय करणार? तीच काच मुलांना अभ्यासाला इंटरनेट देते. पुण्याला बोला की पॅरिसला बोला, पुड्यांना अंतराचे कौतुक नाही. २०१८ साली सरकारने परवान्यांच्या अटी बदलून इंटरनेटवरील टेलिफोनचा मार्ग मोकळा केला. पुष्कळ ठिकाणी जुना नंबरही कायम राहतो. तेव्हा तार धरून बसा असे आम्ही सांगणार नाही. कामगार चळवळीने यंत्राशी वैर धरू नये. यंत्राच्या अटी काय आहेत ते पाहावे.

या अटींतली पहिली अट विजेची. आमच्या ओळखीच्या एक बाई जळगावात एकट्या राहतात. पती गिरणीत होते, ते वारले. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे; खानदेशातली हजारो पोरे तिकडे आहेत, हे तुम्हांला सांगायला नको. मुलाने हौसेने आईकडे नवी पेटी बसवून दिली. पुढे मे महिन्याच्या अखेरीस वादळ झाले. ज्या वादळाने यावल-रावेरच्या केळीबागा आडव्या होतात त्यातले ते एक. वीज रात्रभर आली नाही. मुलगा तिकडून घंटेवर घंटा देतो आहे आणि इकडे काही वाजत नाही. बाईंना मोबाइल हाताळता येत नव्हता. पहाटे मुलाने आम्हांला उठवले, आम्ही जाऊन पाहिले, तर बाई सुखरूप होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "फोन मुका व्हयी गया, भाऊ." पेटी बसविणाऱ्याने, वीज गेली की हा टेलिफोनही जातो, हे एक वाक्य त्यांना सांगितले नव्हते. त्या रात्री काही अघटित झाले नाही, म्हणून ही गोष्ट कोठे नोंदली गेली नाही.

बंधुभगिनींनो, दडलेला प्रश्न तो हाच. टेलिफोन चालू ठेवण्याची बॅटरी पूर्वी केंद्रात होती. तिचा खर्च, तिची देखभाल, तिची जबाबदारी सेवा देणाऱ्याची होती. आता ती जबाबदारी गाजावाजा न होता तुमच्या माजघरात येऊन बसली आहे. ही चाल आम्हांला ओळखीची वाटते. धुळ्याच्या यंत्रमागावर नगावर काम करणाऱ्या विणकराला विचारा. वीज गेली की माग थांबतो, आणि माग थांबला की त्याची मजुरी थांबते. वीज जाण्यात त्याचा दोष नसतो, पण तोटा त्याच्या पदरात पडतो. धंद्यातली जोखीम वरून खाली सरकते आणि सर्वांत दुबळ्या माणसापाशी येऊन थांबते. टेलिफोनच्या बाबतीत तो दुबळा माणूस म्हणजे घरात एकटा असलेला म्हातारा, आजारी माणूस, मोबाइल न वापरणारी आजी.

दुसरी अट माणसांची. जुन्या तारेमागे लाइनमन होता. खांबावर चढणारा, कोणत्या पेटीत कोणाची जोडी आहे हे तोंडपाठ असणारा, आणि तक्रार करणाऱ्या घराला नावानिशी ओळखणारा. डाकतार कामगारांची चळवळ जुनी आहे: १९४६ चा संप त्यांनी केला, १९५४ साली देशभरच्या संघटना एका महासंघात आणल्या, १९६० आणि १९६८ च्या केंद्रीय नोकरांच्या संपांत ते पुढे होते. त्या झगड्यांतून लाइनमनला पक्की नोकरी आणि निवृत्तिवेतन मिळाले. पक्क्या नोकरीमुळे तो वीस-तीस वर्षे एका गावात टिकला, आणि टिकला म्हणून त्याला गावची तार न तार ठाऊक झाली. ग्राहकाची सोय आणि कामगाराची सुरक्षितता या अशा एकाच दोरीच्या दोन पेडी आहेत. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत भारत संचार निगमच्या अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी अर्ज केले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते एका दिवशी घरी गेले. त्यांच्याबरोबर ते ज्ञानही गेले. आज काच जोडायला येणारी पोरे हुशार आहेत, पण त्यांतली पुष्कळशी कंत्राटावर आहेत. आज या कंपनीचे काम, उद्या त्या. रस्ता खणताना, गटार काढताना काच तुटली की ती जोडायला कोण आणि केव्हा येईल, याचे उत्तर त्या पोराच्या मजुरीत दडलेले आहे.

हा पेच आपल्यापुरताच नाही. इंग्लंडमध्ये तांब्याचे जुने जाळे २०२५ च्या डिसेंबरात बंद करायचे ठरले होते. तेथे अनेक वृद्धांच्या गळ्यात मदतीची घंटा असते. ती टेलिफोनच्या तारेवर चालते. बदल करताना काहींच्या घंटा मुक्या झाल्याचे २०२३ साली उघडकीस आले, आणि ग्राहकाच्या संमतीवाचून होणारी बदली थांबवावी लागली. मुदत २०२७ च्या जानेवारीपर्यंत लांबली. जे ग्राहक घरच्या टेलिफोनवरच अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावरही निदान तासभर आणीबाणीचा नंबर लागेल अशी सोय कंपनीने केली पाहिजे, असा तेथील नियामकाचा दंडक आहे. एक तास ही काही फार मोठी मागणी नव्हे. पण ती जबाबदारी कंपनीची आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे, आणि आम्हांला महत्त्व त्या तत्त्वाचे वाटते.

आता आपण काय करावे? घरात पेटी बसवायला माणूस आला की त्याच्यासमोर मेन स्विच बंद करा आणि टेलिफोन उचलून पाहा. आवाज बंद झाला तर त्या पेटीला जोडायची छोटी बॅटरी मागा. ती कंपनी देत नसेल तर स्वतः घ्या, पेटीला वीज अगदी थोडी लागते. घरातली बॅटरी चालू असूनही टेलिफोन बंद पडू शकतो, कारण गल्लीतल्या ज्या खोलीतून काच येते तेथेही वीज लागते. तेथे बॅटरी आहे का, हेही विचारा. जुने तबकडीचे यंत्र सर्वच पेट्यांना कळत नाही, ते आधी पडताळून पाहा. आणीबाणीचा ११२ हा आकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा, आणि साध्या बटणांचा एक मोबाइल आजीच्या हाती देऊन तिला तो शिकवा.

तक्रार केली तर तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय टेलिफोन खाली ठेवू नका. दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रारकेंद्र आणि त्यावर अपिलाची व्यवस्था ठेवावी लागते. तेथे दाद लागली नाही तर ग्राहक न्यायालयाचे दार उघडे आहे. टेलिफोनचा ग्राहक तेथे जाऊ शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या फेब्रुवारीत दिला आहे. आणि एकट्याने जाऊ नका. एका गल्लीतली दहा घरे एकाच काचेवर असतात; दहा घरांनी एका कागदावर सह्या केल्या तर त्या कागदाला वजन येते. ही आमच्या धंद्यातली विद्या आहे, ती फुकट देतो.

कोणी म्हणेल, मोबाइल असताना घरच्या टेलिफोनची एवढी चिंता कशाला? मोबाइल माणसाचा असतो आणि टेलिफोन घराचा. मोबाइल माणसाबरोबर बाहेर जातो. घरचा टेलिफोन घरात जो असेल त्याचा असतो, शाळेतून आलेल्या पोराचा आणि अंथरुणावरच्या म्हाताऱ्याचाही. मुलगा सुरतेहून फोन करतो तेव्हा तो एका घराला हाक मारीत असतो. ती हाक तांब्यातून आली काय, काचेतून आली काय, सारखेच. पण काळोख्या रात्रीही ती पोहोचली पाहिजे, आणि ती पोहोचविण्याचा भार केवळ आईच्या माथी असता कामा नये. तेव्हा तार खुशाल बदला. मात्र बदलताना बॅटरी कोणाची, हा प्रश्न विचारल्याशिवाय कागदावर सही करू नका.