बंदूक कोणती आणि परवाना कोणाच्या नावावर?



मंडळाने आम्हाला विषय दिला तो असा, की घराच्या आणि शेताच्या रक्षणासाठी रायफल घ्यावी की पिस्तूल-रिव्हॉल्व्हर. आम्ही बँकेत कारकुनी करणारे. बंदुकीशी आमचा रोजचा संबंध एवढाच, की दारात गार्ड दुनळी घेऊन बसतो आणि आत आम्ही नोटा मोजतो. रायफल कशी चालते हे आमच्यापेक्षा समोर बसलेले मराठा लाइट इन्फंट्रीचे पेन्शनर जास्त चांगले सांगतील. पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आम्हाला नोकरीने लावली आहे. तेव्हा कागदाच्या बाजूने बोलतो.

शस्त्र कायदा १९५९ सालचा. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. त्याचे तेरावे कलम प्रत्येकाने एकदा वाचावे, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. पोलिसांचा अहवाल अनुकूल असेल आणि नकाराचे कायदेशीर कारण नसेल, तर दोन प्रकारच्या बंदुकांचा परवाना द्यावा, असे कायदा म्हणतो. पहिली, रक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नाही अशा नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक. म्हणजे आपली बाराबोअर. दुसरी, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांना मात्र 'सबळ कारण आहे' अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे आपण रायफल की रिव्हॉल्व्हर असा वाद घालत बसतो आणि कायद्याने जिच्यासाठी वाट सोपी ठेवली आहे, त्या तिसऱ्या बंदुकीकडे कोणी पाहतच नाही.

आता रायफल घेऊ. नळीला आतून आटे असतात, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि सरळ जाते. सामान्य नागरिकाला लष्करी बोअर मिळत नाही. पॉइंट ३०३ आणि ७.६२ निषिद्ध आहेत. मिळते ती पॉइंट ३१५, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, किंवा पॉइंट २२. पॉइंट २२ ची गोळी करंगळीच्या नखाएवढी, पण तीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्या तालुक्यात दीड किलोमीटरवर काय असते? दुसरी वाडी असते. रात्री बांधावर उभे राहून डुकरावर रायफल झाडली आणि नेम चुकला, तर ती गोळी कुठे थांबेल हे सांगता येत नाही. बाराबोअरच्या छऱ्यांचा जोर चाळीस-पन्नास पावलांत बराच ओसरतो. शहरी माणसाला हा दोष वाटेल. ज्याच्या शेताला शेत आणि पलीकडे वस्ती लागून आहे, त्याच्या दृष्टीने तो गुण आहे. रायफल उघड्या माळावर किंवा डोंगरात नेमबाजाच्या हाती ठीक. आपल्याकडे बहुतेकांना ती नको, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रिव्हॉल्व्हरची हौस आणखी मोठी. कानपूरच्या सरकारी कारखान्यात पॉइंट ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर होते. २०१२ सालच्या दिल्लीच्या प्रकरणानंतर तिथूनच जानेवारी २०१४ मध्ये महिलांसाठी 'निर्भीक' नावाचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आले. किंमत १,२२,३६० रुपये. त्या वर्षीचा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला १,३६० रुपये होता. हिशेब केला तर जवळजवळ ९० क्विंटल भात झाला. इतका पैसा घालून हाती काय येते? आखूड नळीचे हत्यार घाबरलेल्या, थरथरत्या हातात दहा पावलांवरही चुकते. सैन्यात आणि पोलिसांत त्याचा सराव वारंवार करून घेतात. आपण दसऱ्याला पूजा करणार आणि पुन्हा कपाटात ठेवणार. अस्वल अंगावर आले तर ते काढायला वेळ मिळत नाही, आणि मिळाला तरी त्या गोळीने अस्वल जागच्या जागी थांबेल याचा भरवसा नाही. एकच खरा उपयोग, की दागिने किंवा रोकड घेऊन एकट्याने प्रवास करणारा व्यापारी ते जवळ बाळगू शकतो. बाकी कमरेला लावून लग्नात मिरवणे, एवढेच. आणि त्यातही सांभाळा. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नकार्यात, मिरवणुकीत निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवले आहेत.

ज्या घरात रोज दारू येते, किंवा जिथे कोणी फार खचलेले आहे, त्या घरात कोणतेच हत्यार नको. हे परवान्याच्या कोणत्याही कलमात नीट सापडणार नाही, घरच्यांनीच ठरवायचे असते. बाईमाणसांनी इथे तोंड उघडावे.

आता आपल्या रानाकडे वळू. जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा या पट्ट्यात रानडुक्कर, गवा, अस्वल आणि अधूनमधून हत्ती, हे काही आम्ही सांगायला नको. जुन्या लोकांकडे ठासणीची बंदूक असायची. पण कणकुंबीच्या पावसात ठासणीची दारू किती वेळ कोरडी राहते? एक बार काढून पुन्हा ठासेपर्यंत कळप निम्मे शेत लोळवून जातो. तेराव्या कलमात यावरही तोड आहे. ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. मात्र अर्जात तसे कारण लिहावे लागते. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक अर्जांत 'शेतीच्या संरक्षणासाठी' एवढेच दोन शब्द असतात. पाऊस लिहा, शेतापासून रान किती अंतरावर आहे ते लिहा, मागल्या नुकसानीचे पंचनामे जोडा.

यातली मोठी अडचण २०११ नंतरची आहे. त्या वर्षी सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य जाहीर झाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या हत्याराची नोंद वनखात्याकडे करायची असते. आणि त्या टापूत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही. दहा किलोमीटरची रेघ नकाशावर ओढून पाहा, म्हणजे तालुक्याची किती गावे आत येतात ते कळेल.

तेच अभयारण्य, जिथे २०१४ साली चिकमगळूरकडे माणूस मारलेली वाघीण पकडून आणून सोडण्यात आली. डिसेंबरात तिने आपल्या तालुक्यातील मुडगईच्या एका तरुण महिलेचा जीव घेतला. ती भगिनी गरोदर होती. त्यानंतर सरकारी पथकाने वाघिणीला गोळी घातली. त्या भगिनीच्या हाती बंदूक असती तर काय झाले असते, असे विचारणारे तेव्हाही होते. आमच्या मते प्रश्न चुकीचा होता. शेतात काम करणाऱ्या बाईने पाठीला बंदूक लावून काम करायचे का? माणसाला धोकादायक ठरलेले जनावर कोणाला न विचारता आपल्या दाराशी आणून का सोडले, हा खरा प्रश्न. तो सरकारला विचारायचा असतो, बंदुकीच्या दुकानदाराला नव्हे.

आणखी एक गैरसमज. पिकाच्या राखणीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारायलाही वनखात्याचा लेखी आदेश लागतो. अस्वल, हत्ती, गवा तर पहिल्या अनुसूचीतले, त्यांची बातच सोडा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारले गेले तर तो गुन्हा नाही, हे कलम अकरामध्ये आहे. पण मेलेले जनावर सरकारचे. डुकराचे वाटे घातले की तुमचा 'प्रामाणिकपणा' त्याच मडक्यात शिजतो! बाकी आवाजी बार काढून कळप पळवणे, एवढेच बंदुकीचे खरे काम आहे. याहून वाईट मार्गही लोक धरतात, तारेत करंट सोडतात. रात्री पाणी पाजायला गेलेल्या शेजाऱ्याला तार ओळखत नाही.

चोराच्या बाबतीतही असेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. रात्री घर फोडून आत घुसणारा, जबरी चोरी करणारा, यांच्याविरुद्ध हा हक्क जीव घेण्यापर्यंतही पोचू शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जाण्याइतका अवधी असेल तर हक्कच उरत नाही. पाठ दाखवून परड्यातून पळणाऱ्या चोराला मागून छर्रे घातले, तर दुसऱ्या दिवशी आरोपी तुम्ही. दोन कुत्री आणि जागे शेजारी यांना परवाना लागत नाही.

एवढे सगळे सांगून मुद्द्यावर येतो. आपल्यासमोरचा प्रश्न नवी बंदूक कोणती हा नाहीच. आजोबांची बंदूक कोणाच्या नावावर जाणार, हा आहे. आपल्या जुन्या घरांत, हा तालुका १९५६ पूर्वी मुंबई राज्यात होता तेव्हापासूनच्या बंदुका आहेत. परवानाधारक ऐंशी-पंच्याऐंशीचे झाले. मुले पुण्यात, गोव्यात. म्हातारा गेला की बाराव्या-तेराव्यापर्यंत कोणाला बंदुकीची आठवण नसते. मग कोणीतरी ती माळ्यावर टाकतो. त्या दिवसापासून ती बिनपरवाना बंदूक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे. कायद्याप्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची असते. जमा केली म्हणजे गेली असे नव्हे, परवाना झाल्यावर वारसाला ती परत मिळते.

याहून चांगली वाट २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वारस म्हणजे फक्त थोरला मुलगा नव्हे. पत्नी, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण हेही येतात. जो गावात राहतो आणि शेत बघतो त्याच्या नावे करा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या नावे केली तर डुकरे काही पुण्याला जात नाहीत. भावाभावांत बंदुकीवरून वाटणीचा वाद घालू नका. बँकेत आम्ही खात्याला वारस लावा म्हणून सांगत असतो, तेव्हा लोक 'आत्ताच मारता काय' म्हणतात. बंदुकीचे तेच आहे.

जाता जाता आणखी दोन गोष्टी तपासा. परवान्यावर राष्ट्रीय नोंदीचा एकमेव क्रमांक पडला आहे का? जुन्या वहीवर तो नसेल तर परवाना ग्राह्य नाही. आणि एका नावावर आता दोनच हत्यारे ठेवता येतात, पूर्वी तीन होती. नूतनीकरण तीनऐवजी पाच वर्षांनी आहे, त्यामुळे तारीख विसरणे जास्त सोपे झाले आहे.

निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करा असा निरोप येतो. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे जिल्ह्यात छाननी समिती असते आणि जामिनावर असलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे, पूर्वी दंग्यात सापडलेले अशांची प्रकरणे तिने पाहायची असतात. सरसकट सगळ्यांची बंदूक घेण्यासाठी ती नाही. उन्हाळी निवडणूक म्हणजे काजू-फणसाचा हंगाम, अस्वले परड्यापर्यंत येतात. छाननी समितीकडे सूट मागायचा अर्ज करा. तरी मागितली तर द्या, ठाण्यात हुज्जत नको, पण पावती घ्या आणि निकालानंतर लगेच परत मागा.

आता आपल्या चळवळीबद्दल. सीमालढ्याचा आणि बंदुकीचा काडीचाही संबंध नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळ्या आपल्या लोकांनी झेलल्या, झाडल्या नाहीत. २००४ पासून आपला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्यांच्यावर आंदोलनाचे गुन्हे नोंद आहेत त्यांनी ते अर्जात लपवू नयेत. नोंद आणि शिक्षा यांत फरक आहे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला ती संपल्यावर पाच वर्षे बंदी आहे. नुसत्या नोंदीवर नकार आला तर कारण लेखी मागा. सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर ते देणे कलम १४ प्रमाणे बंधनकारक आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. नकारावर तीस दिवसांत अपील करता येते.

भाषेचे काय? फॉर्म ज्या भाषेत मिळेल त्या भाषेत भरा, तिथे हट्ट करून परवाना घालवू नका. काहींना हे पटणार नाही, आम्हाला ठाऊक आहे. पण तक्रार आणि निवेदन मात्र मराठीतच द्या. घटनेच्या ३५० व्या कलमाने तो हक्क प्रत्येकाला दिला आहे. याच राज्यात कोडगूचे कोडव आणि जम्मा जमीनधारक यांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. २०१९ साली ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवून मिळाली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. आपल्यालाही तशी सूट मिळावी अशी मागणी करावी, असे काही तरुण म्हणतात. आमचे म्हणणे, आधी हातात आहेत ते परवाने वारसांच्या नावे करून घेऊ.

ज्यांना वारसाचा अर्ज लिहून हवा असेल त्यांनी मूळ परवाना, बंदुकीचा क्रमांक, धारकाच्या वयाचा दाखला, वारसाचे ओळखपत्र, सातबारा म्हणजे इथला आर.टी.सी. उतारा, इतर वारसांचे संमतीपत्र आणि बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असेल तर ते, एवढे घेऊन रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात यावे. बंदूक आणू नये.