हिशेब तिच्या हातात
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



कमिटीने मला ‘निवृत्तीनंतर पैसे कुठे गुंतवावेत’ हा विषय सुचवला होता. एफडीच्या व्याजदरांवर आपलं लिफ्टमध्ये रोजच बोलणं होतं, त्यामुळे परवानगी घेऊन मी विषय बदलला. आज मी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेबद्दल आणि ती उभी करणाऱ्या चेतना सिन्हांबद्दल बोलणार आहे. शेवटी आपल्या सोसायटीसाठी दोन कामंही सुचवणार आहे, तेव्हा चहा येईपर्यंत कुणी उठू नये ही विनंती!

नोकरीत असताना काही वर्षं मी सातारा जिल्ह्यात होतो. माण तालुका म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, पुरुषमाणसं ऊसतोडीला नाहीतर मुंबईला, आणि घर, शेरडं-मेंढरं, आठवड्याचा बाजार हे सगळं बाईच्या अंगावर. कष्ट तिचे, पण कागदावर तिचं नाव कुठेच नाही.

चेतनाताई मूळच्या मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाशजींच्या चळवळीत काम केलेल्या. लग्नानंतर त्या म्हसवडला राहायला आल्या. तिथे रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला बँकेत खातं उघडून रोज थोडे पैसे साठवायचे होते. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यायची होती. बँका तिचं खातं उघडायला तयार नव्हत्या. रोजची दहा-वीस रुपयांची ठेव सांभाळणं बँकेला परवडत नाही, हे कारण.

मंडळी, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ती बाई कर्ज मागत नव्हती, मदत तर नव्हतीच नव्हती. स्वतःच्या कमाईचे पैसे ठेवायला सुरक्षित जागा मागत होती. गरिबाला आधी कर्ज हवं असतं, असं आपण धरून चालतो. पस्तीस वर्षं बँकेत काढल्यावर माझं मत असं, की त्याला आधी बचतीची सोय हवी असते.

हे मी हिशेबाने सांगतो. भाजीवाल्या बाईला बाजारात सकाळी नऊशे रुपये हातात मिळतात आणि संध्याकाळी हजार परत करावे लागतात. असा व्यवहार अनेक शहरांत चालतो. रोजचे शंभर, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर अडीच हजार रुपये व्याज, तेही नऊशे रुपयांच्या भांडवलावर! आता तिने रोज फक्त वीस रुपये बाजूला टाकले तर पंचेचाळीस दिवसांत नऊशे रुपये तिचे स्वतःचे होतात. सेहेचाळिसाव्या दिवशी सावकाराकडे जायचं कारण उरत नाही. पण हे वीस रुपये ठेवायचे कुठे? डब्यात ठेवले तर कुणाच्या तरी हाताला लागतात, पदराला बांधले तर कुणीतरी मागतं. तिची गाडी अडते ती इथे.

तेव्हा बायकांची स्वतःचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि नामंजूर झाला. प्रवर्तक बायका निरक्षर, कागदावर सह्यांऐवजी अंगठे, अशांना परवाना कसा द्यायचा? चेतनाताई निराश होऊन परतल्या. पण बायका म्हणाल्या, वाचता येत नाही ना, मग शिकू. दिवसभर काम करून संध्याकाळी साक्षरतेच्या वर्गाला बसू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज केला आणि या वेळी बायका स्वतःच मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या. साहेबांना म्हणाल्या, आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, पण हिशेब आम्हाला येतो. कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला काढायला सांगा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू कुणाचं आधी होतं! 1997 साली परवाना मिळाला.

(इथे सभागृहात टाळ्या पडल्या. त्या म्हसवडच्या बायकांसाठी होत्या, म्हणून छापताना ही नोंद ठेवली आहे.)

बँक निघाली, पण खरं नेतृत्व दिसतं ते पुढे. दिवसभराची मजुरी बुडवून बाई बँकेत कशी येणार? म्हणून बँकेची माणसं तिच्या दारात आणि बाजारात जाऊ लागली. धंदा वाढवायचा तर शिक्षण हवं, पण क्लासला जायला वेळ नाही, तेव्हा बसमध्येच शाळा भरवली आणि ती बस गावोगाव फिरवली. शेळीपालन करणाऱ्या गावांत बायकांनाच शेळ्यांच्या उपचाराचं प्रशिक्षण दिलं. ‘माणदेशी तरंग’ नावाचं रेडिओ केंद्र काढलं. 2012 च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी केली. बँकेचा आणि छावणीचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण चारा नाही म्हणून गाय-म्हैस पडेल भावात विकली, तर त्या बाईचं सगळं भांडवलच गेलं. पाऊस पडल्यावर ती कर्ज तरी कशावर फेडणार? आमच्या बँकिंगच्या भाषेत याला मालमत्तेचं रक्षण म्हणतात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. डिजिटल व्यवहार आले तेव्हा बायकांना पिन नंबर द्यायचा विचार होता. बायकाच म्हणाल्या, पिन नको. तो कुणीही काढून घेईल आणि पैसे काढेल. आमचा अंगठा घ्या, तो कुणाला नेता येणार नाही. ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता, तोच अंगठा त्यांनी आपलं कुलूप म्हणून मागितला!

2018 साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांमध्ये चेतनाताई होत्या. मान मोठाच. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की प्रत्येक वेळी नियम बाईच्या अडचणीकडे बघून बदलला, बाईला नियमात बसवत बसले नाहीत.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. आपल्याकडे धुणं-भांडी, स्वयंपाक, झाडलोट, आजी-आजोबांची देखभाल करायला रोज कितीतरी बायका येतात. त्यांच्यावाचून आपला एक दिवस निघत नाही. पूर्वी आपण पगार त्यांच्या हातात देत होतो. आता मोबाइलवरून पाठवतो. मी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना सहज विचारलं, “हा नंबर कुणाचा?” म्हणाल्या, “मालकांचा. माझा फोन साधा आहे ना काका.” म्हणजे महिनाभर तव्यापुढे उभ्या राहणार त्या, आणि पैसे जमा झाल्याचा मेसेज येणार दुसऱ्याला! सोय झाली आपली, आणि हातातला पैसा गेला तिचा.

म्हणून पहिलं काम. पुढचा पगार पाठवण्यापूर्वी एकदा विचारा, खातं कुणाच्या नावावर आहे? तिचं स्वतःचं नसेल तर जनधन खातं शून्य शिलकीवर उघडता येतं. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आरडी सुरू होते. आपल्या सोसायटीत माझ्यासारखे तीन निवृत्त बँकवाले आहेत. दर रविवारी दहा ते बारा आम्ही सोसायटीच्या ऑफिसात बसू, फॉर्म भरून देऊ आणि लागलं तर बँकेत बरोबर जाऊ. मात्र खातं उघडायचं की नाही आणि घरात सांगायचं की नाही, हे तिने ठरवायचं. आपण सल्ला द्यायचा, सक्ती नाही.

दुसरं काम आपल्याच घरातलं. यजमान गेल्यानंतर पहिल्यांदाच बँकेची पायरी चढणाऱ्या किती भगिनी मी काउंटरवर पाहिल्या, मोजदाद नाही. शिकलेल्या, चांगल्या घरच्या. ठेवी कुठे आहेत माहीत नाही, लॉकरची किल्ली कुठे आहे माहीत नाही, चेकवर कधी सही केलेली नाही. दुःख करायचं त्या दिवसांत त्या कागद शोधत फिरायच्या. तेव्हा समस्त यजमानांनो, या आठवड्यात एक वही करा. त्यात खाती, ठेवी, विमा, नॉमिनेशन, फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट, सगळं लिहा आणि वहिनींच्या शेजारी बसून समजावून सांगा. वहिनींनो, “मला त्यातलं काही कळत नाही” हे वाक्य आजपासून बंद! माणच्या बायकांना कळलं, तुम्हाला का नाही कळणार?

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी बांधली, लिफ्ट बदलली, सोलर बसवलं. यापुढे या आवारात राबणाऱ्या प्रत्येक बाईची कमाई तिच्या स्वतःच्या नावावर जमा व्हावी, एवढी माझी इच्छा आहे. त्याला फारसा खर्च नाही, जनरल बॉडीचा ठरावही लागत नाही.

रविवारी दहा वाजता ऑफिसात भेटूच. येताना तिचं आधार कार्ड आणि दोन फोटो आणायला सांगा.